मागच्या बाकाकडे वळवलेला कॅमेरा

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

डिसेंबर 2024 मधील त्या दुपारी ऐरोलीतील आपल्या झेरॉक्सच्या दुकानाचे शटर आपण गिऱ्हाइकांसाठी ओढून घेतलेत आणि आमच्या नववीच्या मुलांना आत बसवलेत, त्याबद्दलचे हे पत्र तेव्हाच लिहायला हवे होते. लिहायला बसले की गळा दाटून येई आणि कागद तसाच राही, म्हणून उशीर झाला.

फिनलंडमधील एका शाळेच्या मुलांबरोबर आमची मुले ‘आपल्या परिसरातील पाण्याविषयीचे निर्णय कोण घेते’ या प्रश्नाचा अभ्यास करत होती. त्यांच्याकडे बाल्टिक समुद्र आणि आपल्याकडे ठाण्याची खाडी, दोन्हींचे पाणी मचूळ. तिकडे शेतांतून वाहून येणाऱ्या खतांमुळे उन्हाळ्यात पाण्यावर शेवाळ माजते, इकडे सांडपाणी आणि प्लास्टिक. त्या मुलांशी व्हिडिओवर बोलण्यासाठी ज्या संस्थेने स्वतःचे सुसज्ज सभागृह आम्हाला देण्याचे कबूल केले होते, तिने आदल्या दिवशी अट घातली की अस्खलित इंग्रजी बोलणारी दोन मुलेच पुढे बसतील आणि बाकीची मागे गप्प राहतील. मी ती अट नाकारली, तेव्हा सभागृहही गेले. मराठी शाळेतील मुलांना असे मागे बसवले जाते, याची चीड मला आजही आहे.

त्यांचे सकाळचे साडेदहा म्हणजे आपले दुपारचे दोन, आपल्या जेवणाची वेळ. डबा बाजूला ठेवून आपण संगणक लावून दिलात. संभाषण सुरू झाले आणि पहिली दहा मिनिटे येथेही तेच घडले, नेहमीची दोन मुले बोलत राहिली. आपण काउंटरमागून काही न बोलता आलात, कॅमेरा उचलून मागच्या बाकाकडे वळवलात आणि दिवा कोळीवाड्यातील त्या अबोल मुलाच्या हातात माईक देऊन म्हणालात, “तू मराठीत सांग रे बाळा, इंग्रजी आम्ही करतो.” वर्ग माझा होता, तरी तो मुलगा गप्प असल्याचे मला दिसले नव्हते. आपल्याला दिसले.

त्यानंतर तो वीस मिनिटे बोलला. वडिलांच्या जाळ्यात पूर्वी किती चिंबोऱ्या आणि निवट्या येत आणि आता पिशव्या कशा येतात, ओहोटीला चिखलात पाय कुठे ठेवायचा, तिवरे तोडली की मासळीची पिल्ले कुठे जाणार, हे त्याने सांगितले. ही खाडी 2015 पासून फ्लेमिंगो अभयारण्य आणि 2022 पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे हे माझ्या मुलांना पाठ होते. पण त्या पाण्यावर कुणाचे घर चालते, हे वर्गाने त्या दिवशी प्रथम ऐकले.

मग फिनलंडच्या मुलीने विचारले, “तुमच्या वॉर्डाचा लोकप्रतिनिधी कोण?” आम्ही निरुत्तर झालो, कारण महापालिकेच्या सभागृहाची मुदत मे 2020 मध्ये संपल्यापासून कारभार प्रशासकाकडे होता आणि माझ्या मुलांना नगरसेवक आठवण्याचे वयच नव्हते. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक व्हावी असे राज्यघटना सांगते, हे आम्ही नागरिकशास्त्रात शिकवतो. त्यांच्याकडे 2015 च्या कायद्यानुसार प्रत्येक नगरपालिकेला युवा परिषद नेमावी लागते, हे ऐकून मुले कितीतरी वेळ गप्प बसली. त्या शांततेतूनच खाडीकाठच्या कचऱ्याविषयी निवेदन देण्याचे ठरले आणि त्याचा पहिला मसुदा आपल्याच काउंटरवर, वापरलेल्या कागदांच्या पाठीवर लिहिला गेला.

ताई, अशा साध्या माणुसकीवर माझा विश्वास आहे, जी कोणतीही पदवी किंवा पद नसताना कोण मागे राहिले आहे हे पाहते. ती असलेली माणसे रिक्षाच्या रांगेत, रेशनच्या दुकानात भेटतात; मोठ्या इमारतींत ती मला कमी भेटली.

प्रभाग कार्यालयात दिलेल्या निवेदनाची पोच आता आली आहे. आवक क्रमांक असलेला तो कागद मुलांना वर्गात लावायचा आहे आणि एक प्रत फिनलंडला पाठवायची आहे. शनिवारी दुपारी आम्ही सर्व जण प्रती काढायला येत आहोत. कागद यंत्रात तोच मुलगा घालणार आहे आणि प्रतींचे पैसे या वेळी आपल्याला घ्यावेच लागतील.

आपली कृतज्ञ,
नववीची वर्गशिक्षिका, ऐरोली