मा. गृहमंत्र्यांना, पोलीस ठाण्यासमोरच्या झेरॉक्सवाल्याचे खुले पत्र

प्रति,
मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई 400032

विषय: पोलिसांना लोकांकडून मान मिळत नाही, त्याबाबत.

स.न.वि.वि.

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी, पोलीस ठाण्याच्या फाटकासमोर माझे झेरॉक्स-टायपिंगचे दुकान आहे. 19 वर्षे झाली. मध्ये फक्त रस्ता आणि एक कडुनिंब. ठाण्यात जाणारा आधी माझ्याकडे अर्ज टाइप करायला येतो आणि बाहेर पडलेला मन मोकळे करायला थांबतो. लोकांचे पोलिसांविषयी काय मत आहे ते मला वेगळे विचारावे लागत नाही.

अर्जात काय लिहायचे हे सांगण्याआधी माणूस एकच गोष्ट विचारतो. हलक्या आवाजात, फाटकाकडे बघत. "आत कोण ओळखीचं आहे का?" मोबाईल चोरीला गेलेला कॉलेजचा पोरगा विचारतो, बांधावरच्या भांडणात डोके फुटलेला शेतकरी विचारतो, नवऱ्याने घराबाहेर काढलेली बाई तर विचारतेच. गेल्या वर्षी एक निवृत्त मुख्याध्यापक आले होते. आयुष्यभर नागरिकशास्त्र शिकवलेला माणूस. शेजाऱ्याच्या भिंतीबद्दलचा अर्ज हातात घेऊन पाऊण तास माझ्या बाकावर बसून राहिले, कारण त्यांच्या ओळखीच्या हवालदाराची त्या दिवशी साप्ताहिक सुट्टी होती. शेवटी अर्जाची घडी घालून खिशात टाकली आणि घरी गेले. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, पण ठाण्याची पायरी कोर्टाच्याही आधी लागते.

ही भीती लोकांनी हवेतून आणलेली नाही. काही महिन्यांपूर्वी एका तरुण वकीलबाईंनी जुन्या निकालाच्या तीन प्रती काढायला दिल्या. वर नाव होते, तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य. मला वाटले, आपले तुकाराम ओंबळे. मशीन चालू असताना वाचत गेलो आणि वाचवेना. 1972 साल, तेव्हाचा चंद्रपूर जिल्हा, देसाईगंज पोलीस ठाणे. भावाने दिलेल्या तक्रारीवरून जबाब द्यायला आलेली एक आदिवासी मुलगी, रात्रीची वेळ, ठाण्याच्याच आवारात अत्याचार झाल्याचा आरोप, आणि आरोपी त्याच ठाण्याचे दोन पोलीस, त्यातला एक हा तुकाराम. उच्च न्यायालयाने त्यांना शिक्षा दिली, सर्वोच्च न्यायालयाने दोघांनाही सोडले. त्यावर देशभर संताप उसळला आणि 1983 साली बलात्काराचा कायदाच बदलावा लागला. जुन्या लोकांना, त्या मुलीच्या नावावरून, मथुरा प्रकरण म्हटले की आठवते.

आणि ओंबळे? साताऱ्याच्या जावळी तालुक्यातल्या केडंबे गावचे, फौजेतून पोलिसात आलेले सहायक फौजदार. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री गिरगाव चौपाटीवर हातात नुसती काठी असताना त्यांनी कसाबच्या रायफलीची नळी धरली. गोळ्या अंगावर घेतल्या, नळी सोडली नाही, म्हणून तो जिवंत सापडला. सरकारने त्यांना मरणोत्तर अशोकचक्र दिले.

साहेब, लोकांच्या मनात हे दोन्ही तुकाराम एकाच वेळी नांदतात. 26 नोव्हेंबरला मेणबत्ती लावताना ओंबळे आठवतात. रात्री अकराला बहिणीला घेऊन फाटकाशी उभे राहिले की दुसरा आठवतो, त्याचे नाव माहीत नसले तरी. जानेवारीत रेझिंग डेच्या, म्हणजे पोलीस स्थापना दिनाच्या, सप्ताहात शाळेची पोरे रांगेने ठाण्यात आणतात, बंदुका दाखवतात, 'पोलीस आपला मित्र' असा फलक लावतात. पोरे खूष असतात. त्यांचे आईबाप मात्र तो फलक वाचून हसतात, हे मी माझ्या गल्ल्यावरून बघितले आहे.

भीतीच्या जोडीला तुच्छताही आहे. 'मामा' काय, 'पांडू' काय. चौकात हवालदाराने गाडी अडवली की लायसन्स काढायच्या आधी मोबाईल निघतो, नगरसेवकाला फोन लावायला. मुंबईत खारला 2016 च्या ऑगस्टमध्ये वाहतूक शाखेच्या विलास शिंदे यांनी हेल्मेट नसलेल्या एका अल्पवयीन पोराला हटकले. त्याने भावाला बोलावून घेतले. भाऊ आला आणि त्याने शिंदे यांच्या डोक्यात लाकडाचा घाव घातला. आठवडाभराने ते गेले. भाऊ बोलावणारा आणि नगरसेवकाला फोन लावणारा यांत फरक आहे, मान्य. पण 'तू मला अडवणारा कोण, थांब, माझा माणूस बोलावतो' ही सुरुवात सारखीच. मीही धुतल्या तांदळाचा नाही. पुतण्याला तिघे बसून गाडी चालवताना पकडले तेव्हा मी दंड भरू दिला नाही. रस्ता ओलांडला, चहा सांगितला आणि गाडी सोडवून आणली.

आता रस्त्याच्या पलीकडचे सांगतो, कारण ते मंत्रालयातून दिसत नसावे.

एक हवालदार दोषारोपपत्राचा गठ्ठा घेऊन येतात. मारामारीचा गुन्हा, आरोपी सहा, पाने 140. प्रत्येक आरोपीला एकेक संच, एक कोर्टाला, एक दप्तरी. 1,120 पाने. माझा दर पानाला एक रुपया, ठाण्याचे म्हणून. कायदा सांगतो की आरोपीला प्रत फुकट मिळाली पाहिजे, आणि ती त्याला फुकटच मिळते. पण फुकट म्हणजे कुणाच्या खिशातून? 1 जुलै 2024 पासूनच्या नव्या कायद्याने प्रत इलेक्ट्रॉनिक पद्धतीनेही देता येते म्हणतात. आमच्याकडून अजून दोरीने बांधलेले गठ्ठेच जातात. शिवाय तपासाला जायचे पेट्रोल आहे, पंचांचा चहा आहे, बेवारस प्रेत निघाले तर त्याचे कापड आणि टेम्पो आहे. बिल लावले तर पैसे कधी येतात, हे विचारले की हवालदार नुसते हसतात.

तर कधी ते खिशातून देतात. कधी माझ्या उधारीच्या वहीत लिहितात. आणि कधी फिर्यादीलाच सांगतात, "एवढ्या झेरॉक्स तेवढ्या काढून आणा समोरून." फिर्यादी आणतो, पैसे देतो आणि बाहेर पडून चार माणसांना सांगतो की पोलिसांनी पैसे खाल्ले. खाणारे खातातही. 19 वर्षे समोर बसून ते मी कोणत्या तोंडाने नाकारू? पण ज्याला सरकार कागदाचे पैसे वेळेवर देत नाही, त्याने दुसऱ्याकडून काही घ्यायची पहिली सवय कुठे लावून घेतली असेल, याचा विचार माझ्या मनात येतो.

झोपेचेही तसेच. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी रात्री एक महिला शिपाई मुलीच्या शाळेच्या प्रोजेक्टची बारा पाने छापून घ्यायला आल्या. पाने निघेपर्यंत भिंतीला डोके टेकून बाकावर झोपल्या. टोपी मांडीवर, बूट काढलेले. आदल्या दिवशी सकाळपासून त्या पॉइंटवर होत्या. बंदोबस्ताला त्या पाणी पीत नाहीत, कारण पॉइंटजवळ बाईमाणसाला जायला जागा नसते. हे त्यांनी मला नाही, माझ्या बायकोला सांगितले. मी पाच मिनिटे उठवले नाही. त्याच बाई दुसऱ्या दिवशी कुणावर तरी खेकसल्या असतील आणि तो माणूस घरी जाऊन म्हणाला असेल, पोलिसांना माणुसकीच नाही.

मुंबईत देवनार ठाण्यात 2016 साली आठ तासांच्या पाळीचा प्रयोग झाला होता. कल्पना तिथल्याच एका कर्मचाऱ्याची, आयुक्त पडसलगीकरांनी ती उचलून धरली. आमच्यासारख्या ठाण्यांपर्यंत तो प्रयोग आलेला नाही. मागायचे तरी कुणी? पोलिसांना संघटना नाही. 1982 च्या ऑगस्टमध्ये मुंबईत त्यांच्या संघटनेवरून पोलिसांनीच बंड केले, सैन्य बोलवावे लागले, त्यानंतर तो विषय संपला. एसटीचा कंडक्टर घोषणा देऊ शकतो; त्या घोषणांच्या बंदोबस्ताला उभा असलेला शिपाई देऊ शकत नाही.

म्हणून तो काय करतो, तर माझ्याकडे येतो. पोलिसांचे रजेचे अर्ज, बदलीचे विनंती अर्ज, क्वार्टरचे अर्ज, सगळे माझ्याच दुकानात टाइप होतात. आणि अर्जाची प्रिंट हातात घेऊन तो खाकीतला माणूस, फाटकाकडे बघत, हलक्या आवाजात मला विचारतो, "एसपी ऑफिसात कोण ओळखीचं आहे का हो तुमच्या?"

पहिल्यांदा ऐकले तेव्हा मी हसलो होतो. आता हसू येत नाही. ज्याला स्वतःच्या रजेसाठी ओळख लागते, तो ओळख नसलेल्या बाईची तक्रार कशी घेणार? सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंग खटल्यात 2006 साली सगळ्या राज्यांना बजावले की बदल्या मंडळामार्फत करा, मुदत ठरवा, लोकांसाठी तक्रार प्राधिकरण नेमा. आपण 2014 साली कायद्यात दुरुस्तीही केली. पण बदलीच्या अर्जासोबत आमदारांचे शिफारसपत्र अजून जोडले जाते. मला माहीत आहे, कारण त्याची झेरॉक्स मीच काढतो. आणि तक्रार प्राधिकरण कुठे आहे हे माझ्याकडे येणाऱ्यांपैकी एकानेही आजवर मला सांगितलेले नाही, उलट मीच त्यांना सांगतो.

सन्मान सप्ताह, चित्ररथ, सेल्फी पॉइंट यांवर खर्च करू नका असे मी म्हणत नाही. पण आधी दोन क्षुल्लक गोष्टी करा. तपासाच्या किरकोळ खर्चाची रक्कम ठाण्याला आगाऊ द्या, म्हणजे हवालदार माझ्या गल्ल्यासमोर पाकीट चाचपणार नाही. आणि प्रत्येक अर्जाला, कुणाचाही असो, तिथल्या तिथे शिक्का आणि नंबर घालून पोच द्या. माझ्याकडून लोक अर्जाच्या दोन प्रती नेतात, एक ठाण्याला आणि एक पोच घ्यायला. दुसरी प्रत कोरीच परत आली की माणूस ती माझ्या टेबलावर ठेवतो आणि म्हणतो, "तुमचं बरोबर होतं. ओळख पाहिजे." मी असे काही म्हटलेलेही नसते.

मुख्याध्यापकांचा अर्ज अजून माझ्या कॉम्प्युटरवर आहे. फक्त तारीख बदलावी लागेल.

कळावे,
आपला,
समोरचा झेरॉक्सवाला

सोबत: उधारीच्या वहीच्या शेवटच्या दोन पानांची झेरॉक्स. हवालदारांची नावे खोडली आहेत, आकडे तसेच ठेवले आहेत.