लो-फाय ऐकणाऱ्यांनो, शिबुयातलं ते दुकान

संपादक साहेब, नमस्कार.

माझी मुलगी रात्री अभ्यासाला बसली की हेडफोनवर लो-फाय, म्हणजे जुन्या रेकॉर्डसारखी खरखर असलेलं संथ, शांत संगीत लावते, तिच्या नादाने मलाही आवडायला लागलंय, पण आपल्या पेपरात याबद्दल एक ओळ पण दिसत नाही म्हणून लिहितोय. टोकियोच्या शिबुया भागात जुन सेबा या लो-फायवाल्यांच्या आवडत्या संगीतकाराचं रेकॉर्डचं दुकान होतं, गिनेस रेकॉर्ड्स, तिथे विनाइलच्या तबकड्या विकता विकता त्याने हाइडआउट प्रॉडक्शन्स हे स्वतःचं लेबल, म्हणजे अल्बम काढणारी कंपनी, सुरू केलं, मोठ्या कंपनीच्या दारात न जाता! स्वतःचं नाव इंग्रजीत उलटं लिहून तो नुजाबेस झाला. जुन्या जॅझ रेकॉर्डमधला पियानोचा दोन-चार सेकंदांचा तुकडा घ्यायचा, तोच फिरवत ठेवायचा, खाली ड्रम, मागे सुईची बारीक खरखर... खरंच जीव शांत होतो हो. २०१० मध्ये वयाच्या ३६व्या वर्षी टोकियोतच रस्ता अपघातात गेला, फार वाईट वाटतं. त्याचा अर्धवट राहिलेला अल्बम सोबतच्या लोकांनी पूर्ण करून २०११ मध्ये त्याच लेबलवर काढला. मुलगी म्हणते बाबा, हेच तर खरं लेबल. रविवारच्या पुरवणीत त्याच्यावर अर्धं पान तरी द्या ना, प्लीज.

– एक वाचक, ठाणे