पॅराशूट माशीची मेख

गुजरी, कोल्हापूर
सप्टेंबर

प्रिय बाळू,

तुझं पत्र मिळालं आणि पाकिटातली ती विकतची पॅराशूट माशीही, म्हणजे ट्राउट मासा फसवायला गळावर पीस-दोऱ्यानं बांधलेला तो खोटा किडा. बघताक्षणी रोग कळला. पिसाचे वेढे पांढऱ्या तुऱ्यावरून सरकून वर आलेत आणि एका अंगावर झोपलेत. दिसायला झकास, पण दोन मासे लागले की राम म्हणणार. तुझ्या फेकीत काही खोट नाही, उगाच मनाला लावून घेऊ नकोस.

इकडं दसऱ्याची कामं सुरू झालीत. दिवसभर साज आणि मंगळसूत्रं गाठवून बोटं आखडतात, तरी दुकान बंद केलं की माश्या बांधायला व्हाइस, म्हणजे गळ धरून ठेवणारा चिमटा, टेबलाला लावतोच. आई म्हणते, "दिवसभर दोरा आणि रात्री पण दोराच? आणि ते डास कुणाला घालणार?" रंकाळ्यावर कणकेची गोळी लावून बसणाऱ्यांना तर मी येडाच वाटतो. खरंय म्हणा, थंड पाण्याशिवाय ट्राउट जगत नाही आणि आपल्याकडं तो यायचाही नाही. पण तू हिमाचलात तीर्थन नदीच्या काठावर नोकरी करणार आणि मी इथं नुसता बघत बसणार, असं कसं चालेल?

आता मुद्द्याचं. साध्या कोरड्या माशीत पीस गळाच्या दांडीभोवती गुंडाळतात. ती पिसांच्या टोकांवर उंच उभी राहते. खळाळत्या पाण्यात ते बरं. पॅराशूटमध्ये पीस उभ्या तुऱ्याच्या बुडाशी आडवं फिरतं, त्यामुळं पिसाच्या सगळ्या काड्या पाण्यावर सपाट पसरतात आणि अंग पाण्याच्या पापुद्र्यातच बसतं. पाण्याखालून वर येऊन पंख मोकळे करणारा मेफ्लाय किडा नेमका असाच अडकलेला असतो. तू लिहितोस तसल्या संथ डोहात, जिथं मासा सावकाश वर येऊन निरखतो, तिथं हीच चालते. वर पांढरा तुरा असतो तो तुझ्यासाठी, लांबून माशी दिसावी म्हणून. माशाला त्याचं काही पडलेलं नाही.

सगळी मेख त्या तुऱ्याच्या बुडात आहे. 14 नंबरचा गळ घे. गळाच्या डोळ्यापासून (दोरी ओवायच्या भोकापासून) दांडीचा साधारण तिसरा हिस्सा मागं आलास की तिथं तुरा बांध. मी पॉलिप्रॉपिलीनची पांढरी मॅक्रमे दोरी उसवून, विंचरून वापरतो. पॉलिप्रॉपिलीन पाण्याहून हलकं, त्यामुळं आपोआप तरंगतं. दांडीखालून आडवा घालून दोन्ही टोकं वर ओढ आणि पुढून-मागून दोरा घेऊन उभा कर. इथवर सगळेच करतात. त्यानंतर डाव्या हातानं तुऱ्याचं टोक ताणून धर आणि दोऱ्याचे वेढे दांडीपासून दोन-तीन मिलिमीटर वर चढव, मग परत खाली आण. वेढे एकमेकांना लागून बसले पाहिजेत. तुझ्या विकतच्या माशीत मी ब्लेडनं बूड उघडून बघितलं. तिथं मोजून दोन वेढे, बाकी मऊ धागे मोकळे! पीस धरणार कशाला? या कण्यावर बिनरंगी नेलपॉलिशचा एक थेंब सोड, वाळू दे, मगच पुढं जा. साज गाठवताना दोरा कुठवर ताणायचा हे बोटाला कळतं, तसं इथंही दोनचार तुटले की तुझ्या बोटाला कळेल.

शेपटीला पिसाच्या ताठ काड्या, दांडीएवढ्याच लांब. मागं आधाराला दुसरं काही नसतं, म्हणून मऊ काडी घालू नकोस. अंगासाठी करड्या रंगाचा मऊ केस बोटानं दोऱ्यावर पिळ, इतका विरळ की पिळ्यातून दोरा दिसतोय असं वाटावं. बहुतेकजण इथं हात सैल सोडतात आणि माशीची अळी होते.

पीस कोंबड्याच्या मानेचं. ब्रॉयलरचं चालत नाही, तो दीड महिन्याचं पोर, पिसं लिबलिबीत. जाणता गावरान कोंबडा पाहिजे. त्याच्या मानेवरचं पीस उजेडात धरलं की चकाकतं आणि काड्या बोटाला टोचतात. आपल्या देशी कोंबड्यांच्या माना पूर्वीपासून परदेशात याच कामासाठी जात आल्यात, आणि आपण मात्र रस्सा ओरपून पिसं उकिरड्यावर! लक्ष्मीपुरीतल्या एका चिकनवाल्याला सांगून ठेवलंय, कबरा किंवा तांबडा नर आला की मान माझी. तो पैसे घेत नाही, फक्त हसतो.

काड्यांची लांबी गळाच्या तोंडाच्या (टोक ते दांडी या अंतराच्या) दीडपट ते दुप्पट. बुडाकडच्या काड्या सोलून देठ तुऱ्याला उभा लावून बांध आणि त्यावरूनही दोरा वर-खाली ने. पिसाची निस्तेज बाजू खाली. पहिला वेढा वर, पुढचा त्याच्या खाली, असं करत दांडीकडं उतर. म्हणजे खालचा वेढा वरच्याला आवळून ठेवतो. पाच वेढे पुष्कळ. शेवटी काड्या वर सारून डोळ्यामागं व्हिप फिनिश मार, म्हणजे दोरा त्याच्याच वेढ्यांखालून ओढून घ्यायची शेवटची गाठ.

मग काचेच्या वाडग्यात पाणी घेऊन वीतभर वरून सोड. वाडगं डोळ्यांच्या वर धरून खालून बघ: प्रत्येक काडीच्या टोकाशी पाण्याला बारीक खळी पडलेली दिसते, मधे करडं अंग आणि गळाचं वाकण खाली लोंबतं. कशीही सोड, ती सरळच बसली पाहिजे. आडवी पडली तर पीस एकीकडं जड झालंय असं समज.

सोबत पाठवतोय त्या पॅराशूट अ‍ॅडम्स आहेत. मूळची अ‍ॅडम्स 1922 साली मिशिगनमध्ये लेन हॅलाडे नावाच्या गड्यानं बांधली, आणि चार्ल्स अ‍ॅडम्स या मित्राला ती लागू पडली म्हणून नावही त्याचंच दिलं. तू भलत्या आशेवर राहू नकोस, 'पॅराशूट बाळू' कुणी विकत घेणार नाही.

तरंगण्याचं मलम तुरा आणि पिसालाच लाव, अंगाला चोळू नकोस. अंग भिजलेलंच पाहिजे. मासा लागून गेला की माशी धुऊन कागदात दाबून कोरडी कर आणि मगच परत फेक.

पावसाचं गढूळ पाणी निवळलं की ऑक्टोबर तुझा. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर तिकडं ट्राउट धरायला बंदी, तेव्हा दिवाळीची वाट बघत बसू नकोस आणि परवाना आधी काढून ठेव. डबीत 14 आणि 16 नंबरच्या आहेत. बुडाला लाल दोरा दिसेल त्यांत मी पीस एक वेढा कमी घेतलंय. त्या संथ पाण्यात वापर आणि दोन्हींत फरक पडतो का ते नीट बघून लिही. मला इथं वाडग्यात तेवढंच कळत नाही.

काकूंना नमस्कार सांग. आणि येताना तिकडचा राजमा आण, मागच्या वेळचा आईला आवडला होता.

तुझा,
दिल्या