पोस्टर छापायला देण्याआधी पिक्सेल मोजा

महोदय,

मोबाइलवर स्वच्छ दिसणारा फोटो भिंतीवर लावण्याएवढा मोठा करून घेतला की फुटतो आणि बोल लागतो छपाईच्या मशीनला. मोठी छपाई रोज हाताळणाऱ्यांचा अनुभव वेगळा आहे. फोटो बहुतेक वेळा मशीनपर्यंत पोचण्याआधीच बिघडलेला असतो आणि हे छापण्यापूर्वी ओळखता येते. म्हणून ग्राहक आणि दुकानदार या दोघांनाही या पत्रातून कळकळीची विनंती आहे की, आधी पिक्सेल, म्हणजे फोटो ज्या बारीक ठिपक्यांनी बनतो ते, मोजावेत.

फोटोच्या माहितीत ४०३२ × ३०२४ असे दोन आकडे दिसतात. त्यातल्या मोठ्या आकड्याला पोस्टरच्या लांबीच्या इंचांनी भागायचे. पोस्टर १८ × २४ इंचांचे असेल तर ४०३२ भागिले २४, म्हणजे इंचाला १६८ पिक्सेल. या मापावर फोटो छान येतो. तोच २४ × ३६ इंचांवर नेला की इंचाला ११२ उरतात. चार-पाच फुटांवरून पाहायला तेवढे चालतात, पण जवळ जाऊन पाहिले की धूसरपणा जाणवतो.

डीपीआय म्हणजे इंचाला किती ठिपके. ‘३०० डीपीआयच हवे’ हा आग्रह पोस्टरला लागू नाही. २४ × ३६ इंचांना ३०० च्या हिशेबाने ७२०० × १०८०० पिक्सेल लागतील, आणि नेहमीच्या सेटिंगवर एवढे फार थोडे कॅमेरे देतात. चांगल्या नजरेला साधारण एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, इतक्या कोनापेक्षा बारीक तपशील वेगळा दिसत नाही. त्यावरून सोपा हिशेब निघतो. २८६ या आकड्याला पाहण्याच्या अंतराच्या फुटांनी भागले की इंचाला किती पिक्सेल पुरतील ते कळते. एका फुटावरून २८६, दोन फुटांवरून १४३, पाच फुटांवरून ५७. मात्र घरातल्या फोटोजवळ माणसे जातातच. त्यामुळे घरच्या भिंतीसाठी १५० धरावेत आणि चेहरे असलेला फोटो १०० च्या खाली छापूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

फाइलमध्ये ‘७२ डीपीआय’ लिहिलेले दिसले की ती परत करणारेही आहेत. तो आकडा नुसती नोंद असते. पिक्सेल ६००० × ४००० असतील तर ३६ इंचांवर इंचाला १६६ मिळणारच, नोंद काहीही असो. उलट ७२ चे ३०० करून दिल्याने फोटोत नवा तपशील येत नाही.

सर्वाधिक नुकसान होते ते फाइल पाठवताना. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते. ३६ इंचांवर हे इंचाला जेमतेम ४४ भरतात. मूळ फाइल काही एमबींची आणि हातात आलेली काहीशे केबींची असेल तर तिथेच थांबावे. फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा, ई-मेलला जोडावा किंवा पेन ड्राइव्हवर द्यावा. स्क्रीनशॉट किंवा समाजमाध्यमावरून उतरवलेला फोटो पोस्टरसाठी घेऊ नये. एकदा गेलेले पिक्सेल परत येत नाहीत.

फोनवरच्या मेगापिक्सेलच्या जाहिरातीलाही भुलू नये. ५० मेगापिक्सेलचा सेन्सर बहुधा चार पिक्सेल मिळून एक करतो, १०८ चा नऊ आणि २०० चा सोळा मिळून एक. म्हणजे नेहमीच्या सेटिंगवर हाती साधारण १२ मेगापिक्सेलच येतात. पोस्टर करायचेच ठरले असेल तर भरपूर उजेडात पूर्ण रेझोल्यूशन निवडून फोटो काढावा. अंधुक प्रकाशात त्याचा फारसा उपयोग होत नाही. डिजिटल झूम तर टाळावाच, कारण तो चित्राचा मधला तुकडा कापून मोठा करतो.

पिक्सेल पुरेसे असूनही फोटो हललेला असू शकतो. फोनच्या छोट्या पडद्यावर ते लपते. संगणकाच्या साध्या मॉनिटरवर फोटो १०० टक्के आकारात उघडावा. अशा मॉनिटरवर इंचाला साधारण ९५ पिक्सेल असतात, त्यामुळे तेवढ्या घनतेने छापलेले पोस्टर जवळून कसे दिसेल ते समोरच येते. पापण्या वेगवेगळ्या दिसतात का, रात्रीच्या फोटोत कातडी मेणासारखी गुळगुळीत झाली आहे का, ‘पोर्ट्रेट’ मोडने केसांच्या कडा खाल्ल्या आहेत का, हे तिथे तपासावे.

कापाकापीचाही विचार आधीच व्हावा. फोनचा फोटो ४:३ असतो आणि २४ × ३६ इंचांचे पोस्टर ३:२. पूर्ण कागद भरायचा तर आखूड बाजूचा नववा भाग कापला जातो आणि समूहफोटोत कडेची माणसे किंवा पाय जातात. त्यापेक्षा १८ × २४ किंवा २७ × ३६ घ्यावे, नाहीतर पांढरी पट्टी सोडावी.

पडदा स्वतः उजळतो, कागद नाही. त्यामुळे प्रिंट काळपट वाटते. पडद्याचा उजेड निम्म्यावर आणून फोटो पाहावा आणि गडद भाग थोडे उजळावेत. फाइल एसआरजीबी या पडद्यांच्या नेहमीच्या रंगपद्धतीत ठेवावी आणि तिचे प्रोफाइल, म्हणजे रंगांची नोंद, काढू नये. सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शायांच्या रंगपद्धतीत रूपांतर, स्वतः करण्याची गरज नाही. फोटोच्या इंकजेट मशीनमध्ये जादा रंगांच्या शाया असतात, आधीच सीएमवायके केल्यास त्यांचा फायदा हातचा जातो.

टेस्ट प्रिंट काढताना पूर्ण फोटो ए-४ वर छापण्याची पद्धत आहे. त्यातून रंग कळतो, फोटो फुटेल की नाही ते कळत नाही. पोस्टरच्या आकाराच्या फाइलमधला ६ × ८ इंचांचा तुकडा, ज्यात चेहरा आणि गडद भाग दोन्ही येतील, तो ठरलेल्या कागदावरच काढावा. दुकानदारांनी हा तुकडा मागितल्याशिवाय द्यावा आणि पावतीवर आकारासोबत ‘इंचाला पिक्सेल’ हा आकडा लिहावा.

एआयने फोटो मोठा करून देतो म्हणणाऱ्यांबाबत विशेष सावध राहावे. झाडे, भिंती, डोंगर यांना ते चालून जाते. पण लहान, धूसर चेहऱ्यात ते प्रोग्राम डोळे आणि दात स्वतःच्या अंदाजाने भरतात. दिवंगत आजोबांच्या फोटोत परका माणूस दिसू लागतो. अशा वेळी छोटे पण खरे चित्र छापावे. जुना ४ × ६ इंचांचा कागदी फोटो हाती असेल तर तो ६०० डीपीआयवर स्कॅन करावा. ३६०० × २४०० पिक्सेल मिळतात.

कागदाबाबत थोडक्यात. समोर खिडकी किंवा दिवा असेल तर मॅट घ्यावा, ग्लॉसीवर प्रतिबिंब पडते. लॅमिनेशन करायचे असेल तर शाई पुरती सुकू द्यावी, विशेषतः सॉल्व्हंट (रासायनिक द्रावकातल्या) शाईत, नाहीतर पुढे फुगे येतात. फ्रेमची काच फोटोला टेकू देऊ नये. दमट हवेत कागद काचेला चिकटतो आणि सोडवताना रंगाचा थर निघून येतो. मधे माउंटबोर्डची, म्हणजे जाड पुठ्ठ्याची, चौकट घालून घ्यावी.

— मोठ्या आकाराच्या छपाईच्या व्यवसायातील काही वाचक