सहस्रधारेच्या काठी मैयाच्याच प्रवाहावर दिवा

सप्रेम नमस्कार. नर्मदे हर!

इंदूरच्या नळाला नर्मदा आली 1978 साली. त्यासाठी 1970 मध्ये सारं शहर रस्त्यावर उतरलं होतं. तेव्हा घोषणा देणारे काही ज्येष्ठ आजही आपल्या मंडळाच्या बैठकीला येतात. नर्मदाकाठच्या जलूदहून सुमारे 70 किलोमीटर, विंध्याचा चढ चढून हे पाणी येतं ते पंपांच्या जोरावर. या विजेचा खर्च कमी व्हावा म्हणून महापालिकेने 2023 मध्ये हरित रोखे (पर्यावरणपूरक कामासाठी लोकांकडून घेतलेलं कर्ज) काढले आणि जलूदलाच 60 मेगावॅटचा सौर प्रकल्प हाती घेतला. आपल्या घरात मैया येते ती अशी, वीज खर्च करून. तिच्या काठच्या धर्मशाळेत मात्र संध्याकाळी सातला अंधार असतो. तिथे मैयाच्याच प्रवाहावर वीज तयार करायची, त्यासाठी हे आवाहन.

महेश्वरच्या पुढे, सहस्रधारेजवळ, परिक्रमावासींची, म्हणजे नर्मदेची प्रदक्षिणा करणाऱ्यांची, एक छोटी धर्मशाळा आहे. गेल्या मार्गशीर्षात आम्ही तिथे मुक्कामाला होतो. वीज दुपारीच गेलेली. चुलीच्या उजेडात टिक्कड भाजणं चाललं होतं आणि भिंतीजवळ अठरा मोबाईल रांगेने बंद पडून होते. पहाटे चारला साताऱ्याकडच्या एक आजी स्नानाला निघाल्या. शेवाळलेल्या पायरीवर त्यांचा पाय सरकला. मागच्या माणसाने दंड धरला म्हणून निभावलं. परतताना गाडीत कोणी फारसं बोललं नाही.

तिथेच, धर्मशाळेसमोर, नदी खडकांमधून जोरात धावते. याच सहस्रधारेत 2023 मध्ये खेलो इंडियाच्या कनू स्लॅलम (खळाळत्या पाण्यातल्या होड्यांच्या) स्पर्धा झाल्या, यावरून वेगाची कल्पना यावी. पुढच्या खेपेला आम्ही काठावर दहा मीटर दोरी ताणली आणि सोललेला नारळ सोडला. तो जवळजवळ बुडूनच वाहतो, त्यामुळे वाऱ्याने भरकटत नाही. सात-आठ सेकंद लागले, म्हणजे सेकंदाला साधारण 1.3 मीटर. बारा वेळा मोजलं.

या वेगावर प्रवाहात बुडणारी टर्बाइन चालते. धरण नको, बांध नको. पिंपांच्या तराफ्याखाली उभ्या आसाची, पिळदार पात्यांची एक चक्री. ती वाहत्या पाण्यात फिरते आणि वरचं कायमचुंबकी जनित्र (जनरेटर) फिरवते. पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट जड, म्हणून कमरेएवढी चक्री पुरते. वेगाचा हिशेब मात्र कडक आहे: वेग निम्मा झाला की वीज आठव्या हिश्श्यावर येते. आमची नियोजित चक्री 1 मीटर उंच आणि 1.2 मीटर रुंद. पाण्यातल्या शक्तीचा चौथा हिस्सा हाती आला तरी 300 वॅटच्या आसपास मिळतात, दिवसाला सहा-सात युनिट. पंधरा दिवे, घाटावरचे दोन, सगळ्यांचे मोबाईल आणि पिण्याच्या पाण्याचा फिल्टर एवढ्यात भागतो. वरच्या धरणांतून पाणी कमी सुटलं तर वीजही कमी होणार, म्हणून बॅटरी हवीच.

सौर पॅनेल का नाही, असं अनेकांनी विचारलं. पॅनेल चांगलेच, पण नदी रात्रीही वाहते आणि गरज रात्रीचीच आहे. पुरात तराफा टिकणार नाही, हे आम्हाला मान्य आहे. चातुर्मासात परिक्रमा थांबते. तेव्हा तराफाही काठावर ओढून ठेवायचा आणि कार्तिकी एकादशीनंतर पुन्हा सोडायचा. खरी भीती निर्माल्याची आणि प्लॅस्टिकची. एक ओढणी पात्यांत गुंडाळली तरी चक्री बंद. म्हणून पुढे तिरप्या गजांची जाळी लागेल आणि ती रोज साफ करायला गावातलाच एक माणूस, मानधनावर.

एकूण अंदाज 3,40,000 रुपयांचा आहे. सभासदांकडून 1,15,000 जमले. ग्रामपंचायत आणि संबंधित खात्यांची लेखी परवानगी हाती येईपर्यंत यंत्रावर एक रुपयाही खर्च होणार नाही. परवानगी मिळाली नाही, तर प्रत्येकाचे पैसे परत.

51 रुपयेही चालतील. ज्यांचा कारखाना सांवेर रोडला किंवा पीथमपूरला आहे त्यांनी दोनशे लिटरची प्लॅस्टिकची आठ पिंपं द्यावीत. स्टेनलेस स्टीलचं वेल्डिंग जाणणारा कारागीर आणि वीज मंडळातून निवृत्त झालेले कोणी अभियंते हवे आहेत. अभियांत्रिकीच्या मुलांनी तर जरूर यावं.

देणगी मंडळाच्या कार्यालयात रोज संध्याकाळी 6 ते 8 स्वीकारली जाईल, पावती तिथेच मिळेल. खर्चाचा हिशेब दर महिन्याला फलकावर लागेल. येत्या रविवारी सकाळी 6 वाजता कार्यालयासमोरून सहस्रधारेला गाडी निघते आहे. दहा जागा शिल्लक आहेत. घरी जाड नायलॉनची दोरी पडून असेल तर बरोबर घेऊन या.