हातरिक्षा ही माथेरानची संस्कृती नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला माथेरानवरचा लेख वाचला. छायाचित्रं सुरेख आहेत, त्याबद्दल अभिनंदन. पण ‘स्थानिक संस्कृती अनुभवायची तर हातरिक्षात बसाच’ हा सल्ला आपण छापलात कसा? सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये ही प्रथा मानवी प्रतिष्ठेच्या विरोधात ठरवून सहा महिन्यांत बंद करायला सांगितली. आपल्या लेखात मात्र ती अजून ‘गंमत’ आहे!

हातरिक्षा चालते कशी, हे लेखकाने जवळून बघायला हवं होतं. एक जण पुढे दांड्यात, दोघे मागून लोटणारे. चढावर तिघांचाही दम निघतो, पण खरे हाल उतारावर होतात. तिथे बसलेल्याचं आणि गाडीचं सगळं वजन पुढच्या माणसाच्या अंगावर येतं आणि तो टाचा रोवून गाडी थोपवत उतरतो. जांभ्याचे सुटे खडे टाचेखालून सरकतात. पावसात त्याच लाल मातीचा निसरडा चिखल होतो. गुडघे आणि कंबर कायमची जातात ती इथे. नाइलाजाने पोटासाठी केलेल्या कामाला संस्कृती म्हणू नका. ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी ई-रिक्षा हाच योग्य पर्याय आहे, आणि त्या हातरिक्षा ओढणाऱ्यांनाच मिळाल्या पाहिजेत.

माथेरानची संस्कृती आहे ती पायी चालण्याची. मग तिथे पोचायचं आणि चालायचं कसं ते तरी नीट सांगा. नेरळहून घाट चढताना गाडी पहिल्या-दुसऱ्या गियरमध्येच ठेवावी लागते आणि उतरतानाही त्याच गियरमध्ये. न्यूट्रलमध्ये किंवा नुसत्या ब्रेकवर उतरणाऱ्यांचे ब्रेक तापतात, वास सुटतो आणि ऐन वळणावर पकड जाते. खासगी गाड्या दस्तुरी नाक्यापर्यंतच. तिथून अमन लॉज स्टेशन काही मिनिटांवर आहे. तिथून माथेरानला जाणाऱ्या शटल गाडीला सुट्टीच्या दिवशी मोठी रांग लागते, त्यापेक्षा सामान हलकं ठेवून चालत निघावं. सुमारे तीन किलोमीटर, सवयीच्या माणसाला पाऊण तास. चाकांची बॅग खडीत अडकते, पाठपिशवीच बरी. तळवा गुळगुळीत झालेले बूट घालू नयेत आणि पांढरे कपडे तर नकोच, लाल धूळ धुतल्यावरही निघत नाही.

‘एका दिवसात सगळे पॉइंट’ हा लेखातला दुसरा उपदेशही असाच. पॅनोरमा पॉइंट उत्तरेला, वन ट्री हिल दक्षिणेला. एकाच दिवशी दोन्ही टोकं गाठायची म्हणजे नुसती धावाधाव. सकाळी उन्हं चढण्याआधी पॅनोरमा करावा आणि परत यावं. दुसऱ्या दिवशी शार्लोट तलाव, शेजारचं ग्रामदैवत पिसारनाथाचं देऊळ आणि तिथून लुइझा पॉइंट. पॉर्क्युपाइन पॉइंटला सूर्यास्त बघणार असाल तर विजेरी बरोबर हवीच. परतीच्या रानवाटेवर झाडांचं छत इतकं दाट आहे, की सूर्य बुडताच काळोख होतो.

आणखी एक. ‘जुलैच्या धुक्यात नेरळहून मिनी ट्रेनने चढा’ असंही लिहिलं आहे. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज गाडी बंद असते, कारण घाटात दरडी कोसळतात. २००५ च्या अतिवृष्टीत हा मार्ग वाहून गेला होता आणि तो पुन्हा सुरू व्हायला २००७ उजाडलं. तेव्हा हे नवीन नाही. पावसाळ्यात चालते ती फक्त अमन लॉज-माथेरान शटल. लेख वाचून लोक लहान मुलांसह नेरळच्या फलाटावर येऊन उभे राहतील, त्यांना उत्तर कोण देणार?

माकडांना चिक्की भरवणाऱ्या मुलांचा फोटोही छापायला नको होता. अशी सवय लागलेली माकडंच पुढे हातातली पिशवी हिसकावतात आणि चावा घेतात.

पुढच्या रविवारी याच पानावर, तेवढ्याच ठळक अक्षरांत दुरुस्ती यावी आणि ई-आवृत्तीतून हातरिक्षाचा मजकूर काढावा, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, नेरळ