झोपाळ्याची तुळई आणि टेबल सॉ

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या वाईच्या घराचे लाकूड माझ्या अंगणात येऊन पडले आहे आणि त्यात ओसरीवरच्या झोपाळ्याची तुळई आहे. एवढे सांगितले की फोन न करता मी पत्र का लिहायला बसलो, ते तुला कळेल. तुळईच्या कड्या अजून जागच्या जागी आहेत. टेम्पोवाल्याला त्या उपटून घ्यायच्या होत्या, पण तुझी आत्या तिथे उभी होती, त्यामुळे त्याने तो विषय काढलाच नाही. माझी प्रकृती चांगली आहे, आईची कंबर आहे तशीच आहे, बाकी सर्व ठीक.

लाकूड अस्सल जुने सागवान आहे. वरचा काजळीचा थर रंध्याने काढला, तेव्हा आत मधासारखा रंग आणि तोच ओळखीचा तेलकट वास निघाला. एवढ्या वर्षांनंतरही एकाही तुळईला पीळ पडलेला नाही. यातून तुझ्या मुलीसाठी लिहिण्याचे मेज, आत्यासाठी देव्हारा आणि उरलेल्या पट्ट्यांतून आपल्या दोघांसाठी एकेक बाकडे करावे, असा माझा बेत आहे. पण सहा बाय आठ इंचांची तुळई हातकरवतीने उभी चिरणे या वयात मला झेपणारे नाही. भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमधला एक गिरणीवाला मोठ्या आऱ्यावर तिच्या दीड इंची फळ्या पाडून द्यायला तयार झाला, पण त्याची अट अशी की एकही खिळा आत राहता कामा नये. पुढचे काम, म्हणजे त्या फळ्यांच्या सरळ, समांतर, एकसारख्या रुंदीच्या पट्ट्या काढणे, हे घरीच व्हायला हवे आणि त्यासाठी टेबल सॉ, म्हणजे टेबलातून गोल पाते वर आलेले चिरकामाचे यंत्र हवे. दहा इंची पात्याच्या यंत्राची काप साधारण तीन इंच खोल जाते, म्हणजे दीड इंची फळी त्याला जड नाही. यंत्र कोणते घ्यावे हे मी बरेचसे ठरवले आहे. कुठून घ्यावे यावर मात्र माझी झोप उडाली आहे, आणि हे तुझ्याखेरीज कोणाला सांगितले तर तो मला ‘तयार फर्निचर घे’ असे सांगून मोकळा होईल.

तू फोनवर जे सुचवलेस त्याचे उत्तर आधी देतो, कारण ते प्रेमापोटी सुचवले आहेस आणि मी त्यावर गप्प राहिलो ते तुला लागले असेल. तू म्हणालास की सॉस्टॉपचे यंत्र न्यू जर्सीहून परतणाऱ्या कुटुंबाच्या सामानात घालून पाठवतो. त्या यंत्राबद्दल मला मनापासून आदर आहे. स्टीव्ह गास हा माणूस शिक्षणाने भौतिकशास्त्रज्ञ आणि व्यवसायाने पेटंट वकील. पात्यावर विजेचा अगदी क्षीण संकेत सोडायचा, बोट टेकताच तो बदलतो हे ओळखायचे, आणि ॲल्युमिनियमचा ठोकळा दातांत घुसवून पाते पाच मिलिसेकंदांच्या आत थांबवायचे, ही कल्पना त्याने 1999 मध्ये प्रत्यक्षात आणून दाखवली. पात्याला हॉट डॉग लावून दाखवलेला तो प्रयोग मी पुनःपुन्हा पाहिला आहे. पण तुमच्याकडे मिळणारे यंत्र 120 व्होल्ट आणि 60 हर्ट्झवर चालते, आपल्याकडे 230 व्होल्ट आणि 50 हर्ट्झ. ट्रान्सफॉर्मर लावून दाब उतरवता येईल, हर्ट्झ मात्र बदलत नाहीत, आणि इंडक्शन मोटर असेल तर तिचा वेग सहाव्या हिश्शाने मंदावतो. शिवाय तुमच्या दहा इंची पात्याचे भोक पाच अष्टमांश इंचाचे असते आणि आपल्याकडच्या यंत्रांचे 25.4 किंवा 30 मिलिमीटरचे, म्हणजे पातीही तिकडूनच मागवावी लागतील. ठोकळ्याचा तो ब्रेक एकदा सुटला की त्याचे काडतूस आणि पाते दोन्ही बदलावे लागतात. ओल्या लाकडाने किंवा धातूच्या स्पर्शानेही तो सुटू शकतो, आणि माझ्यापुढे पडले आहे ते खिळ्यांनी भरलेले लाकूड. प्रत्येक काडतुसासाठी तुझ्याकडे डोळे लावून बसावे लागले, तर ते यंत्र माझे न राहता आपल्या दोघांचे होईल, आणि सामाईक मालमत्तेचे काय होते ते आपण जुन्या बाजारातल्या सायकलीच्या वेळी पाहिलेच आहे. त्या सायकलीची घंटा अजून तुझ्याकडेच आहे, हेही या निमित्ताने नोंदवून ठेवतो.

आता खरी गोष्ट. यंत्रात गेलेले अण्णांचे बोट. मी यंत्राचा विषय काढला की तुझ्या मनात काय येते ते मला ठाऊक आहे, आणि माझ्याही मनात तेच येते. अण्णांच्या कारखान्यात होते तसे बिडाचे, पट्ट्यावर चालणारे देशी यंत्र आजही मिळते. दोन हॉर्सपॉवरची मोटर, आवाज कमी, टेबल सपाट आणि इतके जड की धक्क्याने हलत नाही. बिघडले तर कोपऱ्यावरचा लेथवाला दुरुस्त करून देतो. बाबूकाका त्याच्याच बाजूने आहेत आणि एका मोडीत निघालेल्या कारखान्यातले जवळजवळ फुकट मिळवून द्यायला तयार आहेत. पण मी ते जाऊन पाहिले, तर त्याला ना पात्यावरचे झाकण म्हणजे गार्ड, ना रिव्हिंग नाइफ. पात्याच्या मागे, त्याच्याच बरोबर वरखाली होणारी ती पातळ पोलादी पट्टी किती कामाची असते, हे अण्णांना कोणी सांगितले असते तर! चिरलेले लाकूड मागच्या बाजूला आवळून पात्याला चिकटू लागते, आणि ते तिथे चिकटले की वर येणारे दात त्याला उचलून थेट आपल्या अंगावर फेकतात. 254 मिलिमीटरचे पाते मिनिटाला चार हजार फेरे घेत असेल, तर दाताचा वेग ताशी 190 किलोमीटरच्या आसपास असतो. त्या क्षणी हात मागे घेऊ असे म्हणण्यात अर्थ नसतो. अण्णांनी हात पुढे केला नव्हता, फळीने तो ओढून नेला होता, आणि ते आपण दोघांनी पाहिले आहे. म्हणून बाबूकाकांना मी नम्रपणे नकार दिला. ते रुसले आहेत; देव्हारा पाहिला की त्यांचा रुसवा जाईल.

म्हणजे उरले ते बॉश, डिवॉल्ट, मकिता यांच्यासारख्या कंपन्यांचे उचलून नेता येणारे दहा इंची यंत्र. त्याला गार्डही असतो आणि रिव्हिंग नाइफही. अर्ध्या लाखाच्या आसपासचा खर्च आहे. तो कोणाच्या हातात ठेवायचा, एवढाच प्रश्न आहे.

ऑनलाइन सर्वांत स्वस्त पडते, हे मान्य. पण आमच्या शेजारच्या मुलाने असेच यंत्र मागवले, तर खोक्याचा कोपरा चेपलेला आणि आत टेबलाची ओतीव कड तडकलेली निघाली. वजन जास्त म्हणून परत न्यायला कोणी येईना, आणि विकणारा व वाहतूकदार एकमेकांकडे बोट दाखवत राहिले. ज्या वस्तूची सारी किंमत तिच्या सरळपणात आहे, ती न पाहता घेणे मला पटत नाही. मुंबईला नागदेवी स्ट्रीटवर माल भरपूर आणि घासाघीसही खुल्या दिलाने होते, पण काही बिघडले तर ते धूड घेऊन पुन्हा मुंबई गाठायची. राहता राहिली आपली बोहरी आळी.

तिथे एका दुकानात मला बिनबिलाचा भाव सांगण्यात आला आणि तो मोहात पाडणारा होता, कारण 18 टक्के जीएसटी वाचत होता. पण बिल नाही म्हणजे वॉरंटी नाही, आणि त्याने बाहेर मांडलेल्या नमुन्याचा गार्ड व रिव्हिंग नाइफ दोन्ही काढून ठेवलेले होते. कारण विचारले तर म्हणाला, सगळे मिस्त्री काढूनच टाकतात. त्या वाक्यावर मी दुकानाबाहेर पडलो. जो माणूस यंत्राचा तो भाग अडगळ समजतो, त्याने मला काय विकले तर चालेल, याचा तूच विचार कर.

त्याच आळीतला दुसरा एक वयस्कर दुकानदार मात्र वेगळा निघाला. त्याने स्टूल पुढे केले, खोके माझ्यासमोर फोडले आणि वीज जोडण्याआधी मला हवे ते मोजू दिले. मी सोबत काटकोन तपासायला अण्णांचा पितळी कडेचा गुण्या आणि बारीकसा फरकही काट्यावर दाखवणारे, कंपनीतल्या दिवसांतले माझे डायल गेज नेले होते. आधी पाते पूर्ण वर घेऊन गुण्या लावला, तर टेबल आणि पाते यांच्यामध्ये उजेडाची रेघही दिसली नाही. मग टेबलाच्या खाचेत गेज सरकवून पात्याच्या एकाच दाताला पुढे आणि मागे, असे दोन्हीकडे टेकवले. मागे काटा किंचित हलला. दुकानदाराने काही न बोलता खालचे बोल्ट सैल केले, हाताच्या तळव्याने हलकेच ठोकले, पुन्हा आवळले आणि मला म्हणाला, ‘आता पाहा.’ काटा जागचा हलला नाही. मग फेन्स, म्हणजे लाकूड जिला टेकवून सरकवायचे ती पट्टी, मागच्या टोकाला पात्याकडे झुकत नाही ना, हेही तपासले, कारण तिथे झुकली तर लाकूड आवळले जाते आणि अण्णांची गोष्ट पुन्हा घडते. तुला आपला शाळेतला चौरंग आठवत असेल. तो कधीच चार पायांवर टेकला नाही आणि तू शेवटपर्यंत जमीन वाकडी असल्याचे सांगत राहिलास. त्या दुकानदाराने तुला मुळीच उभे केले नसते.

त्याचा भाव ऑनलाइनपेक्षा काही हजारांनी जास्त आहे. त्याबदल्यात तो पक्के बिल देतो, कंपनीचे दुरुस्तीकेंद्र शहरातच असल्याचा पत्ता त्याने लिहून दिला आहे आणि मोटरचे कार्बन ब्रश व पट्टा स्वतः ठेवतो. उभ्या चिरकामासाठी 24 दातांचे टीसीटी, म्हणजे कार्बाइडची टोके बसवलेले पाते घ्या, 60 दातांचे प्लायसाठी राहू द्या, असे त्याने न विचारता सांगितले. जुन्या सागवानातली वाळू धार लवकर मारते, तेव्हा एकाऐवजी दोन पाती घ्या म्हणजे एक धार लावायला देता येईल, हेही त्यानेच सुचवले. रिव्हिंग नाइफ पात्याच्या अंगापेक्षा जाड आणि कापेपेक्षा बारीक असावी लागते, म्हणून पाती तिला मापून घेऊ, असे तो म्हणाला, आणि मी तिथेच मनातल्या मनात व्यवहार ठरवला. सौ.ची अट एवढीच की 16 अँपिअरचे स्वतंत्र पॉइंट घालून घ्यावे आणि कानांवर आवरण घातल्याशिवाय बटण दाबू नये. दोन्ही मान्य केल्या.

तुझ्या नव्या नोकरीचे कसे चालले आहे? वहिनींच्या गुडघ्याला आराम पडला का? लेकीला आशीर्वाद सांग. तिचे मेज किती उंच हवे ते मोजून कळव, आणि खुर्चीवर बसवून कोपरापासून जमिनीपर्यंतचे माप घे, अंदाजे सांगू नकोस.

तिकडून काही आणायचेच असेल, तर लाकूड वरून दाबून पुढे ढकलायचे पुश ब्लॉक आण. त्यांना व्होल्टही लागत नाहीत आणि हर्ट्झही.

आता एकाच गोष्टीवर तुझा होकार हवा आहे. इतर तुळया चिरायला मी मोकळा आहे, पण झोपाळ्याच्या तुळईवर तुझा आणि आत्याचा हक्क आहे. कड्यांच्या दोन्ही बाजूंना दीड दीड फूट सोडून मधला तुकडा अखंड ठेवावा आणि फक्त टोके चिरावी, असे माझ्या मनात आहे. तो मधला भाग माझ्या गच्चीतल्या खांबांवर बसतो, मी मापून पाहिले आहे. आत्या म्हणते, तुला विचारल्याशिवाय करवत लावायची नाही. शनिवारी सकाळी मी बोहरी आळीत पैसे भरणार आहे आणि सोमवारी तुळया गिरणीवर जातील, तेव्हा रविवारच्या आत मला हो किंवा नाही कळव.

तुझा,
पुण्याचा मित्र